चार विटांच्या खुणा

थोरला जाऊन इतके पावसाळे झाले, तरी धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. आता थोरलाच नाही तर ही धाकटी कुणाची, असं काही कुणाच्या मनात आलं नाही. आई हाक मारायची, "धाकटे, ए धाकटे!" आणि हाक मारून झाली की जराशी थांबायची, अजून एक हाक मारायची राहिल्यासारखी. मग फडका डोक्याला घट्ट बांधून कामाला लागायची.

त्यांचं घर मिठागराच्या कडेला होतं. तिथली जमीन अशी की भिंतीला लोणा, जमिनीला लोणा, सकाळी स्वच्छ झाडून घ्यावं तर संध्याकाळपर्यंत पांढरी भुकटी परत वर आलेली. म्हणून तिथले लोक बाज नुसती जमिनीवर टेकवत नाहीत, पाय कुजतात. चार पायांखाली चार विटा घालतात. विटेखालची जमीन तेवढी काळी, कोरडी राहते. कुणी घर सोडून गेलं, तरी कुणाची बाज कुठे होती ते मागून येणाऱ्याला जमिनीवर दिसतं.

धाकटीच्या घरात दारातून शिरलं की डाव्या कोपऱ्यात तशा चार काळ्या खुणा होत्या. बाज नव्हती, विटा नव्हत्या, नुसत्या खुणा. एव्हाना त्या पांढऱ्या भुकटीनं त्या कधीच भरून काढल्या असत्या, पण आई रोज सकाळी उलथनं घेऊन तिथे बसायची आणि त्या चार जागा खरवडून काढायची. का, म्हणून तिला कुणी विचारलं नाही. त्या कोपऱ्यातून सरळ कुणी चालतही नसे. बाप पाण्याच्या पिंपाकडे जायचा तो वळसा घालून, धाकटी आरशाकडे जायची ती भिंतीला अंग घासत. एकदा मांजर तिथे पाय पसरून झोपलं तर आई खेकसली, "ऊठ मेल्या! त्याच्या अंगावर झोपतोस?" आणि बोलून गेल्यावर स्वतःच तोंडावर हात दाबून बाहेर निघून गेली.

भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं की सगळे घरात येऊन अंग टाकत. तेव्हा त्या कोपऱ्यातून आवाज यायचा. करकर. झोपेत माणूस कुशीवर वळावा, तसा. धाकटी शिकलेली, ती स्वतःला सांगायची की छपराचे वासे तापतात. बरं, वासे तापतात म्हणावं तर ढगाळ दिवशीही आवाज यायचाच, त्याचं काय करायचं? आई डोळे मिटून पडून राहायची, पण तिचे कान जागे असायचे. आणि बाप तर तो आवाज यायच्या आधीच उठायचा आणि रखरखत्या बांधावर जाऊन बसायचा. कातडं जळालं तरी चालेल, पण दुपारचं घरात थांबायचं नाही.

त्या हंगामात आभाळानं छळ मांडला होता. मीठ धरायला लागलं की ढग यायचे, सगळ्यांचे जीव टांगणीला लावायचे आणि न पडताच निघून जायचे. बापाच्या वाफ्यांत पाणी दाट होऊन तळाशी खडा बसला होता. आता चार दिवस कडक ऊन मिळालं की मीठ ओढून रास घालायची आणि ताडपत्री टाकायची. त्या आधी पाऊस आला तर संपलंच. पडलेलं मीठ आलेल्या वाटेनं परत जातं, हातात खारट चिखल उरतो.

अशात पोस्टमननं धाकटीचं पत्र आणून दिलं. प्रोबेशन ऑफिसरच्या, म्हणजे आरोपीच्या घरची चौकशी करून कोर्टाला कळवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रशिक्षणासाठी तिनं अर्ज केला होता. दिवसा मीठ ओढून आणि मधल्या वेळेत पुस्तकं धरून तिनं पदवी घेतली होती, लेखी परीक्षाही पास झाली होती. आता उरली होती प्रत्यक्ष गृहभेट. म्हणजे काय, तर एका मोठ्या बाईंबरोबर कुणा आरोपीच्या घरी जायचं, त्या कशी चौकशी करतात ते बघायचं, आणि बाहेर आल्यावर आपण काय पाहिलं ते त्यांना सांगायचं. त्यावर निवड ठरणार. वयाची अट अशी की यंदा नाही जमलं तर मग कधीच नाही.

"कधी आहे?" बापानं विचारलं. तो मीठ ओढायच्या फळीचा दांडा तासत बसला होता.

"बुधवारी."

"बुधवारी मीठ ओढायचंय."

"माहितेय, बाबा."

"मग विचारतेस काय? मिठाला तुझी तारीख कळत नाही." त्यानं तासणी खाली ठेवली. टाचांना फडकी गुंडाळलेली, त्यातून रक्ताचे डाग वर आलेले. मिठागरात उभं आयुष्य काढलेल्या माणसाच्या टाचा कधी भरून येत नाहीत. "आणि होणार कोण, तर ती! त्या चौकशीबाईसारखी. लोकांच्या घरात शिरून पोरं आत घालणारी. तुला दुसरं काही सुचलं नाही?"

"त्यांनी नाही घातलं त्याला आत."

"मग कुणी घातलं?"

आई कोपऱ्यात बसून खरवडत होती, तिचं उलथनं थांबलं. धाकटीला बोलायचं होतं, गेली कित्येक वर्षं हे वाक्य तिच्या घशात अडकून बसलं होतं. पण बापाच्या टाचांकडे बघून तिला ते बाहेर काढवेना.

"त्यांनी काय विचारलं तेच आपल्याला कळलं नाही, बाबा," ती एवढंच म्हणाली. "कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मला ते काम करायचंय."

बाप उठला आणि फळी खांद्यावर टाकून निघून गेला.

आता काय झालं होतं ते सांगायला हवं.

थोरला वाईट नव्हता. हूड होता, आळशी होता, सकाळी तीन हाका मारल्याशिवाय उठायचा नाही. दोन मित्रांच्या नादानं शेजारच्या मिठागरातलं डिझेल इंजिन त्यानं रातोरात उचललं आणि भंगारवाल्याला विकलं. दुसऱ्या दिवशी सापडला आणि कोठडीत गेला. पहिलाच गुन्हा, वयानं कोवळा. कोर्टानं सांगितलं की शिक्षा ठरवायच्या आधी घरची चौकशी करा. म्हणून प्रोबेशनच्या बाई येणार असा निरोप आला.

घरात धावपळ उडाली. चौकशी म्हणजे काय, तर हे घर चोराचं आहे की सज्जनाचं ते बघायला येणार, एवढंच त्यांना कळलं. बापानं भिंतींना चुना दिला. आईनं भांडी घासघासून त्यांचा जीव काढला. आणि मग थोरल्याचं जे जे होतं ते घरातून काढलं. खुंटीवरचा शर्ट, ताट, चपला, सगळं. शेवटी बाज. चोराची वस्तू घरात दिसता कामा नये! एका टोकाला बाप आणि दुसऱ्या टोकाला धाकटी, अशी दोघांनी ती बाज उचलून मिठाच्या शेडात पोत्यांमागे नेऊन ठेवली. धाकटी तेव्हा शाळेत होती. बाज जड वाटली म्हणून ती मध्ये एकदा टेकवायला थांबली, तर बाप ओरडला होता, "चल लवकर, कुणी बघेल!"

चौकशीबाई आल्या. काळी छत्री, कापडी पिशवी, चष्मा. शाळा, सोबती, नाद असं बरंच विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा झोपतो कुठे?"

बाप ताठ उभा होता. हे वाक्य त्यानं आदल्या दिवसापासून घोकलं होतं. "आमच्या घरात चोराला जागा नाही, बाई."

त्यांनी पुन्हा विचारलं. बापानं पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तिसऱ्यांदा विचारलं. तेव्हा बापानं आवाज चढवून, पार बांधावर ऐकू जाईल असं सांगितलं. दाराआड उभ्या असलेल्या धाकटीला बापाचा कोण अभिमान वाटला! बाई पाणी पिऊन गेल्या. आई म्हणाली, बरं झालं, घराची अब्रू राहिली.

कोर्टात साहेबांनी वाचून दाखवलं. घरी ठेवून देखरेखीखाली सोडता आलं असतं, परंतु घरात त्याला जागा नाही असं वडील स्वतः सांगतात, सबब तुरुंग. पिंजऱ्यात उभ्या थोरल्यानं मान वळवून बापाकडे पाहिलं. रागानं नाही. काहीतरी चुकून ऐकू आलं असावं आणि बाप आता उठून सांगेल, असं. बाप उठला नाही. कोर्टात उठून बोलायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. घरी येताना अर्ध्या वाटेत तो बांधावर खाली बसला आणि म्हणाला, "म्हणजे ती जागाच विचारत होती?"

पहिल्याच पावसाळ्यात थोरल्याला आत कावीळ झाली. त्याला आणलं ते पांढऱ्या कापडात गुंडाळून. शेडातली बाज आत आणायचा विषय मग निघालाच नाही. कोण आणणार?

बुधवारी सकाळी धाकटी निघाली तेव्हा बाप वाफ्यात उतरला होता आणि त्यानं वर पाहिलं नाही. खालच्या अंगाला आभाळ काळं व्हायला लागलं होतं. आईनं धाकटीची फळी उचलली.

"तुला कमरेचं दुखणं आहे, आई."

"असू दे. तुझी फळी मी ओढते." आईनं दांड्यावर हात घट्ट केले. मग बांधाच्या टोकापर्यंत तिच्यामागे आली आणि हळूच म्हणाली, "तिथल्या माणसांवर रागावू नकोस हं. घाबरलेली असतात."

शेवटच्या थांब्यावर बस थांबली. झाडाखाली एक बाई उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, तोंडात खोकल्याची गोळी. धाकटीनं त्यांना ओळखलं नसतं. पण छत्री तीच होती, काळी, फक्त मुठीला आता तार गुंडाळलेली. इतकी वर्षं या बाईचं तोंड आठवून तिनं दातओठ खाल्ले होते. मनातल्या त्या तोंडावर नेहमी एक बारीक हसू असायचं. इथे तर एक दमलेली म्हातारी पायातला खडा काढत उभी होती.

"तू उमेदवार का? चल. हळू चालते मी, सांभाळून घे."

वाटेत त्यांनी नियम सांगितला. "तू बघायचंस आणि ऐकायचंस. तोंड उघडायचं नाही. घरच्यांना काही म्हणजे काही सुचवायचं नाही. आपण सुचवलेलं उत्तर त्यांचं नसतं, मग उद्या पोरगं घरी आलं की तेच लोक त्याला हाकलून देतात. कळलं?"

"कळलं, बाई."

"सगळेच कळलं म्हणतात," बाई म्हणाल्या आणि गोळी या गालातून त्या गालात नेली.

घर पंपवाल्याचं होतं. समुद्राचं पाणी वाफ्यात चढवायचा पंप तो चालवायचा. त्याच्या पोरानं सोबत्यांबरोबर तांब्याची तार कापली होती. पहिलाच गुन्हा. पोरगा कोठडीत होता आणि दोनच दिवसांनी कोर्टात निकाल होता. घर तेही मिठागराच्या कडेचं, तसंच बुटकं, तशाच लोणा चढलेल्या भिंती. पण आज भिंतींना चुना होता. ओला. त्याचा वास नाकात गेला आणि धाकटी दारातच थांबली.

मध्ये एक खुर्ची, पाठीवर वजनकाट्याचं नाव रंगवलेली, म्हणजे मागून आणलेली. पंपवाला गळ्यापर्यंत बटणं लावून, केसांना पाणी लावून उभा. बायको चुलीपाशी. धाकटीला एक पाट दिला. ती बसली आणि तिनं खाली पाहिलं. डाव्या कोपऱ्यात चार काळ्या, कोरड्या, चौकोनी खुणा.

बाई विचारत गेल्या, पंपवाला पाठ केल्यासारखा सांगत गेला. मग तो प्रश्न आला.

"मुलगा झोपतो कुठे?"

पंपवाल्यानं छाती पुढे काढली. "असल्या पोराला आमच्या घरात थारा नाही, बाई."

"ते नाही विचारत मी. झोपतो कुठे?"

"झोपत असेल कुठेही! आम्ही अब्रूनं राहणारी माणसं. पाहिजे तर शेजारी विचारा."

बाईंनी चष्मा काढला. पिशवीतून रुमाल काढला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसल्या, सावकाश, एक झाली की दुसरी. धाकटी बघत राहिली. हे तिनं दाराच्या फटीतून पाहिलेलं होतं आणि तेव्हा तिला वाटलं होतं की बाई कंटाळल्यात. अगं, कंटाळल्या नव्हत्या! थांबल्या होत्या. कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून वेळ काढत होत्या. तिच्या घरातही असाच वेळ काढला होता त्यांनी, आणि त्या घरात तिघं माणसं अभिमानानं गप्प उभी राहिली होती.

"मुलगा," बाईंनी चष्मा लावला, "झोपतो कुठे?"

करकर.

धाकटीनं मान वर केली. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नव्हतं. इथे छप्पर पत्र्याचं होतं, वासे नव्हते, बाहेर ऊनही नव्हतं. आवाज कोपऱ्यातून आला, त्या चार खुणांच्या मधून. कुशीवर वळल्याचा. थोरला तिच्याबरोबर इतक्या लांब चालत आला होता की काय? तिला भीती वाटली, आणि त्याच वेळी मायाही दाटून आली. पंपवाला तिसऱ्यांदा तोंड उघडत होता, आवाज चढवायला त्यानं छाती भरून घेतली होती.

तोंड उघडायचं नाही असं तिला सांगितलं होतं. तिनं नाही उघडलं. ती उठली, मागच्या दारानं बाहेर पडली आणि सरळ पंपाच्या शेडात शिरली. बाज तिथेच होती, पाइपांमागे उभी करून ताडपत्रीखाली लपवलेली. खाली शर्टाचं गाठोडं, ताट आणि विटासुद्धा. तिनं बाज आडवी पाडली आणि ओढायला लागली. बाज उंबऱ्याला अडली. तिनं हिसका दिला, हाताची साल निघाली, बाज हलेना.

"अगं ए! काय चालवलंयस?" पंपवाला धावत आला. "ती चोराची बाज आहे, ती घरात..."

"गप्प बसा!" चुलीपाशी होती ती बायको आता दारात उभी होती. सकाळपासून तिनं तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे आवाज फाटून बाहेर आला. "माझ्या लेकाची आहे. चोराची म्हणे!" आणि तिनं बाजेचं दुसरं टोक उचललं.

दोघींनी बाज आत आणली. विटा खुणांवर अचूक बसल्या. बायकोनं शर्ट झटकला, खुंटीला अडकवला आणि त्याच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागली. चौकशीबाई खुर्चीतून हलल्या नव्हत्या. धाकटीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. सगळं थांबल्यावर त्यांनी चौथ्यांदा विचारलं, पहिल्यांदाच विचारल्यासारखं.

"मुलगा झोपतो कुठे?"

पंपवाला बाजेकडे बघत राहिला. गळ्याचं बटण त्यानं चाचपडत सोडलं. मग तिथेच, विटेजवळ, खाली बसला.

"इथे," तो म्हणाला. "इथेच झोपतो, बाई. हाका मारून घसा बसतो, तरी उठत नाही गाढव."

परतताना बांधावर वारा सुटला होता. बाई पुढे, धाकटी मागे.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"तोंड उघडायचं नाही."

"आणि?"

"काही सुचवायचं नाही."

"मग हे काय केलंस? मला लिहावं लागेल. उमेदवारानं घरातलं सामान हलवलं. तुझी निवड अडकेल."

"लिहा, बाई." तिला भीती वाटत नव्हती. "एक विचारू? तीनदाच का विचारता?"

"चौथ्यांदा विचारलं की माणसाला कळतं आपल्याला काय हवंय ते. मग तो आपल्यासाठी उत्तर देतो." त्या थांबल्या. "आज विचारलं मी चौथ्यांदा. माझ्याबद्दलही कुणीतरी लिहायला हवं." मग म्हणाल्या, "घर कुठलं तुझं?"

धाकटीनं सांगितलं. खाडीच्या तोंडाचं मिठागर, शेवटचं घर, इंजिनवाल्या पोराचं. बाईंचा हात छत्रीच्या तारेवर गच्च झाला.

"बाज कुठे होती त्या दिवशी?" त्यांनी हळू विचारलं.

"शेडात. पोत्यांमागे. एका टोकाला मी होते."

"खुणा दिसल्या होत्या मला," बाई म्हणाल्या. "पण खुणा कोर्टात चालत नाहीत गं. माणसानं सांगावं लागतं."

बसच्या थांब्यावर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले आणि बाई छत्री उघडायची विसरून तशाच भिजत उभ्या राहिल्या.

धाकटी घरी पोचली तेव्हा पावसानं दाणादाण उडवली होती. रास निम्मीच झाली होती. ताडपत्रीचं एक टोक आईनं अंगाखाली दाबून धरलेलं, दुसऱ्या टोकावर बाप पालथा पडलेला. वाफ्यांत राहिलेलं मीठ डोळ्यांदेखत विरघळत होतं. तिचे दोन हात असते तर आणखी एक वाफा निघाला असता, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण बाप तसं बोलला नाही. तिघांनी दगड ठेवून ताडपत्री बांधली आणि ओलेचिंब घरात आले.

बाप अंग पुसत म्हणाला, "झालं तुझं?"

मग तिनं सांगितलं. ओल्या चुन्याचा वास, मागून आणलेली खुर्ची, शेडातली बाज, सगळं सांगितलं. कोण बाई होत्या तेही. सांगताना तिला वाटलं, बाप आता उठून पावसात निघून जाईल. तो गेला नाही. त्याच्या हातातला पंचा तसाच राहिला.

"आपल्यालाही तीनदा विचारलं होतं का गं तिनं?"

"हो, बाबा."

"तीनदा?"

"तीनदा."

त्याच्या तोंडाचं काहीतरी झालं. "मला वाटलं, बाई बहिरी आहे," तो म्हणाला. "ऐकू येत नाही बिचारीला. म्हणून मी शेवटचं मोठ्यानं ओरडून सांगितलं." आणि तो म्हातारा पंच्यात तोंड घालून असा रडला की धाकटीला कानांवर हात ठेवावेसे वाटले. इतक्या वर्षांत तो रडला नव्हता. पोराला मातीत ठेवतानाही नाही.

आई उठली. पावसातच शेडात गेली आणि बराच वेळ आली नाही. मग बाजेचा सांगाडा ओढत आली. सुंभ सगळा मिठानं खाल्लेला, एक पाय कुजून आखूड झालेला. तिनं चार विटा मांडल्या, आखूड पायाखाली एक चपटा दगड जास्तीचा घातला. सांगाडा जागेवर बसला. तिनं तो हलवून पाहिला आणि म्हणाली, "विणायला हवी."

पाऊस आठवडाभर राहिला. वाफे पाण्याखाली गेले, काम नव्हतंच. बापानं बाजेला नवा पाय तासून जोडला आणि काथ्याची दोरी आणून बाज विणायला घेतली. भेगाळलेल्या बोटांनी एकेक पीळ ताणायचा, सैल वाटला की उसवून पुन्हा. आई एकदा म्हणाली, "इतकी घट्ट कशाला?" तर म्हणाला, "त्याला झोळ आवडत नाही." आई बरं म्हणाली.

वजनकाट्यावर कुणीतरी बातमी सांगितली की पंपवाल्याचा पोरगा घरी आलाय, आठवड्यातून एकदा चौकशीबाईंपुढे जाऊन उभा राहतो, बाकी वेळ बाप त्याच्या नावानं शंख करतो. आणि मग धाकटीचंही पत्र आलं. निवड झाली होती. खाली टाइप केलेलं होतं, की सदर उमेदवारास सूचनांचे पालन करण्याबाबत कडक समज देण्यात यावी. बापानं ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. "कडक समज," तो म्हणाला. "बरोबर आहे. ऐकत नाहीसच तू कुणाचं." आणि फळीच्या दांड्यावरून हात फिरवत बसला. पुढच्या हंगामात ती फळी ओढायला दुसरं कुणी नव्हतं.

ती निघाली तो दिवस कोरड्या उन्हाचा होता. बस दुपारची. आईनं डबा बांधला, सोडला, परत बांधला. धाकटीनं आरशापाशी जाताना नेहमीसारखं भिंतीला अंग घासलं, आता तर खरोखरच वळसा घालावा लागत होता. बाजेवर कुणी झोपलं नव्हतं. आईनं चादर मात्र घातली होती, आणि उलथनं आता चुलीपाशीच असायचं.

बाप त्या दुपारी बांधावर गेला नव्हता. भिंतीला टेकून बसला होता, टाचांची फडकी सोडून.

धाकटी पिशवी खांद्याला लावून दाराशी आली आणि आवाज आला. करकर. नव्या दोरीचा, कुशीवर वळल्याचा. ती जागीच थांबली. मागे वळून पाहावं की नाही ते तिला कळेना. पिशवीचा बंद सुटला होता तो बांधायला आई लगबगीनं पुढे आली, तर तिचा पाय पिंपाला लागून भांडं खणखणलं.

"हळू," बाप तोंडावर बोट ठेवून म्हणाला. "झोपू दे त्याला."